दर उतरला, पण नोकरी कुठे आहे?

प्रश्न : बेरोजगारीचा दर कमी झाल्याची बातमी वाचली. माझी मुलगी वर्षभर अर्ज करून थकली, आता तिने शोधणंच सोडलंय. मग हे आकडे खोटे असतात का?

उत्तर : ताई, आकडा खोटा नसेलही, पण तुमची मुलगी त्यात धरलेली नाही. बेरोजगार म्हणून नोंद व्हायची तर हाताला काम नसावं, मिळालं तर करायची तयारी असावी आणि अलीकडे, बहुतेक देशांत गेल्या चार आठवड्यांत, शोध घेतलेला असावा. शोध थांबला की माणूस श्रमशक्तीतूनच, म्हणजे कामावर असलेले आणि काम शोधणारे यांच्या बेरजेतूनच, वगळला जातो.

समजा, ९० जण कामावर आहेत आणि १० जण शोधात. दर १० टक्के. शोधणाऱ्यांपैकी चौघांनी नाद सोडला, तर ९६ जणांत ६ बेरोजगार उरतात. दर सव्वासहा टक्के झाला, नोकरी मात्र एकालाही लागली नाही! २०२० च्या टाळेबंदीत इटलीत असंच झालं. लोकांना काम शोधायला बाहेरच पडता येईना आणि बेरोजगारीचा दर चक्क उतरला.

उलट, आठवड्यात एक तास मोबदल्याचं काम केलेला माणूसही रोजगारात मोजला जातो. मला हे फार खटकतं, कारण तेवढ्यावर कुणाचं पोट भरत नाही.

हे आकडे ज्या पाहण्यांतून निघतात, त्यांसाठी मी बरीच वर्षं घरोघर हिंडले आहे. दारात येणारा कर्ता पुरुषच सगळ्यांची उत्तरं देतो. मुलीबद्दल विचारलं की, "ती घरीच असते." मग मी विचारायची, काम मिळालं तर करेल का? तेव्हा आतून आवाज यायचा, "करीन की!" त्या उत्तराला मोल आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत अशांसाठी 'संभाव्य श्रमशक्ती' असा वेगळा गट आहे. अमेरिकेत शोध सोडलेले काहीजण आणि नाइलाजाने अर्धवेळ राबणारे धरून व्यापक दरही काढतात. एप्रिल २०२० मध्ये तिथला नेहमीचा दर १४.८ टक्के होता, व्यापक दर सुमारे २३.

म्हणून बातमीत आधी कामाच्या वयाच्या लोकांपैकी किती टक्के कामावर आहेत ते बघा. तो आकडा वाढला नसेल, तर दर उतरल्याचा आनंद मानू नका. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, कारण हंगामी कामं येतात-जातात. शिवाय ही नमुना पाहणी असते, दशांशाच्या चढउतारावरून काही ठरवू नये.

आणि पाहणीवाले तुमच्या दारी आले, तर उत्तरं मुलीलाच देऊ द्या.