औली किंवा गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचंय, पण चेअरलिफ्ट सारखी बंद पडते आणि गर्दी फार असते असं ऐकलंय. जावं का? लिफ्टचा पास आधीच काढून ठेवावा का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ‘भंगार लिफ्टमुळं आमच्या ओळखीतल्या एकांची सगळी ट्रिप वाया गेली’. ही भंगार लिफ्ट मला तोंडपाठ आहे. आमचे थोरले साडू दर लग्नात, वास्तुशांतीला, एकदा तर एकाच्या दहाव्यालासुद्धा हीच गोष्ट सांगत बसले होते, आणि मी समोरच्या पंगतीत असलो की जरा जास्तच जोरात सांगतात. म्हणून उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

मी नांदेडकडचा, साखर कारखान्यात फिटर. आमच्यासारख्याला स्कीइंगची अडचण थंडीची नसते, रजेची असते. बर्फ पडणार जानेवारी-फेब्रुवारीत आणि आमचा गळीत हंगाम बी नेमका तेव्हाच भरात, त्यात रजेचा अर्ज टाकला तर तो टेबलावरच वाळतो. पण २०१६ ला, म्हणजे ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या दुष्काळात शिवारात ऊसच राहिला नाही, कारखाना लवकर बंद झाला आणि मी फेब्रुवारीत चक्क मोकळा. सचखंड एक्सप्रेसचं दिल्लीपर्यंतचं तिकीट काढलं. साडूंना कळलं, ते म्हणले तुम्ही चाललाव तर आम्ही बी येतो, आम्ही काय इथं केळी मोजत बसू का. त्यांची अर्धापूरला केळीची बाग आहे, हे ध्यानात ठेवा.

कुठं गेलो ते सांगत नाही, हिमालयातलं एक ठिकाण धरा. नाव घेतलं की तिथले लोक इथं येऊन भांडतील आणि मला त्यांच्याशी भांडायचं नाही.

तर गर्दी. गर्दी असते हे खरंय, पण ती स्की करणाऱ्यांची नसते हे कुणी सांगत नाही. रांगेत शंभर माणसं असली तर स्की हातात धरलेली चार-पाच. बाकी सगळे भाड्याचे गमबूट, भाड्याचा फरचा कोट, वर जायचं, फोटो काढायचा, मॅगी खायची, खाली यायचं. त्यांना नावं ठेवत नाही, आमच्या मिसेसनं पण तेच केलं आणि ती आमच्यात सगळ्यात खुश होती. पण त्यांना लिफ्ट एकदा लागते आणि स्कीवाल्याला दिवसभर लागते, आणि दोघांना एकाच रांगेत उभं केलं की स्कीवाल्याचा अर्धा दिवस उभं राहण्यातच जातो. वेगळी रांग करायला फक्त एक दोरी बांधायची असते, ती कुणी बांधत नाही.

आम्ही रांगेत असताना एक जॅकेटवाला पोरगा आला, कानात म्हणला सर जल्दी जाना है क्या. मी नाही म्हणलं. साडूंनी पाकीट काढलं. मी म्हणलं, “साडूभाऊ, कामून पैसे घालायलाव, अर्ध्या तासात आपला नंबर लागतोय.” तर म्हणले, “तुम्ही थांबा लाइनीत, तुम्हाला रेशनची सवय आहे.” बरं, नुसते पुढं गेले असते तरी चाललं असतं. त्या पोरानं त्यांच्या पायात स्की पण चढवून दिली, फोटो चांगला येतो म्हणून. क्लास नाही, सराव नाही, सपाटीवर दहा पावलं पण टाकलेली नाहीत आणि हा माणूस थेट चेअरलिफ्टवर.

आता ज्यानं कधी बघितलं नाही त्याच्यासाठी सांगतो, चढताना फार काही नसतं, खुर्ची मागून येते, गुडघ्याच्या मागं टेकते, तुम्ही बसता. खरा खेळ उतरताना आहे. वर लाकडाचा नाहीतर बर्फाचा उतार केलेला असतो, तिथं स्कीची टोकं वर उचलायची, उभं राहायचं आणि सरळ निघून जायचं, खुर्ची तुमच्यासाठी थांबत नाही. साडूंची टोकं खाली होती. टोकं बर्फात घुसली, साडू बसले, मागच्या खुर्चीवरची दोन माणसं येऊन त्यांच्यावर, आणि वरच्या ऑपरेटरनं लाल बटण दाबलं. हे मला नंतर त्या ऑपरेटरनंच सांगितलं, हसून हसून सांगितलं.

मी तेव्हा मधल्या खांबाच्या थोडं पुढं, खाली देवदाराचे शेंडे. खुर्ची एकदा पुढं गेली, मग मागं आली, असं दोन-तीनदा झुलून थांबली. दोराचा जो घूं घूं आवाज सतत येत असतो तो बंद झाला की एकदम वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागतो, तेव्हा माणूस घाबरतो. माझ्या शेजारी सुरतचा एक नवा नवरदेव, बायको पुढच्या खुर्चीवर त्याच्या बहिणीसोबत, दोघं एकमेकांना ओरडून विचारायलेत ठीक हो क्या, ठीक हो क्या. मला म्हणला, अंकल, टूट गया क्या? मी त्याला माझ्या हिंदीत समजावलं की बाबा, आमच्या कारखान्यात केन कॅरिअर आहे, ऊस वर नेतो, त्याच्या कडेनं दोरी असते, कुणी बी दोरी ओढली की कॅरिअर बंद, कारण सगळे सेफ्टी स्विच एका सिरीजमध्ये असतात, एक उघडला की मोटर थांबलीच पाहिजे. इथं बी तसंच, दोर खांबावरच्या पुल्लीवरून जरा सरकला तरी स्विच उघडतो, कुणी पडलं तर ऑपरेटर बटण दाबतो. थांबली म्हणजे नीट आहे. न थांबणारी लिफ्ट असली असती तर मी तुझ्या आधी रडलो असतो. त्यावर तो गप्प बसला, पटलं म्हणून का माझ्या हिंदीमुळं ते माहीत नाही.

जरा वेळानं झटका बसला आणि लिफ्ट सुरू. ही झाली पहिली बंद.

दुसरी बंद दुपारी, वाऱ्यामुळं. खुर्च्या इतक्या आडव्या हलायला लागल्या की खांबाला लागतील असं दिसत होतं, माणसं उतरवून घेतली आणि लिफ्ट बंद केली ती दुसऱ्या दिवसापर्यंत. शंभर टक्के बरोबर केलं. जून २०१७ मध्ये गुलमर्गला वाऱ्यात झाड उन्मळून रोपवेवर पडलं आणि सात माणसं गेली, ते आठवलं की वाऱ्यात लिफ्ट बंद केली म्हणून बोंबलणाऱ्यांचं मला काही कळत नाही. आमच्या साडूंनी मात्र या दोन्ही बंद एकत्र करून ‘दिवसभर भंगार लिफ्ट बंद’ अशी एक गोष्ट बनवली आणि तीच गावोगाव फिरवायलेत. पहिली बंद कुणामुळं झाली ते त्या गोष्टीत येत नाही.

पण एका गोष्टीत मी गर्दीच्या बाजूनं आहे. बंद केल्यावर कुणी काही सांगतच नाही. काउंटरची खिडकी खाली, आत दिवा चालू, बाहेर दीड-दोनशे माणसं, लेकरं रडायलेत, कुणी म्हणतंय दहा मिनिटात चालू, कुणी म्हणतंय मोटर जळली. अरे एक खडूनं लिहिलेली पाटी लावा, ‘वारा आहे, आज बंद, पैसे उद्या परत’, लोक निघून जातील. लिफ्टची दुरुस्ती महाग असते, पाटी महाग नसते. राग लिफ्टचा नसतो, या गप्प बसण्याचा असतो.

आम्हाला शिकवणारा तिथलाच पोरगा होता, तो म्हणला लिफ्ट का क्या है, चलो ऊपर. स्की आडवी ठेवायची आणि एक-एक पाऊल बाजूला टाकत उतार चढायचा, साइड स्टेप म्हणतात. मांड्या भरून येतात, जॅकेट काढून कमरेला बांधावं लागतं, इतका घाम. थोडं चढायचं, सरकत खाली यायचं, परत चढायचं. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच केलं आणि त्या दिवशी मी थांबायला शिकलो, टोकं जवळ आणून टाचा बाहेर ढकलायच्या ते. साडू तोवर मॅगीच्या टपरीवर बसून रिफंडसाठी फोन लावत होते.

आता तुमचं विचारलेलं. जा. लिफ्टसाठी ट्रिप रद्द करू नका. पहिले दोन-तीन दिवस नवशिक्याला चेअरलिफ्ट लागतच नाही, आणि जो मास्तर पहिल्याच दिवशी तुम्हाला चेअरलिफ्टवर बसवतो त्याला पैसे देऊ नका. पास एकदम आठवड्याचा काढू नका, सकाळी उठायचं, वारा बघायचा, ढग बघायचे, मग त्या दिवसाचं तिकीट. गुलमर्गच्या गोंडोलाचं, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेचं, मात्र तसं नाही, त्याचं ऑनलाइन आधीच काढावं लागतं. ते दोन टप्प्यात आहे, गुलमर्ग ते कोंगडोरी आणि तिथून अफरवट, वरचा टप्पा जवळपास चार हजार मीटरला जातो आणि वाऱ्यात आधी तोच बंद होतो. तुम्हाला शिकायचंय तर वरच्याचं तिकीट काढूच नका, तिथं नवशिक्याचं काही काम नाही. कोंगडोरीवरून एक चेअरलिफ्ट पण आहे, ती नंतर.

औलीची चेअरलिफ्ट सुमारे ८०० मीटरची. अशा लिफ्टचा वेग सेकंदाला दोन-अडीच मीटर असतो, म्हणजे वर जायला पाच-सात मिनिटं. आता हिशोब करा, दर बारा सेकंदाला दोन जणांची एक खुर्ची धरली तर तासाला सहाशे माणसं. त्यात कुणी एकजण पडून चार मिनिटं गेली की चाळीस माणसं रांगेत वाढली. म्हणून पहिल्या खुर्चीला हजर राहा, पर्यटक नाष्टा करून अकराच्या आत येत नाहीत, तोवर तुमच्या चार फेऱ्या होतात, आणि बर्फ पण सकाळीच चांगला असतो, दुपारनंतर चिखल. नाताळ ते नवीन वर्ष आणि २६ जानेवारीला लागून येणारी सुट्टी टाळा. शनिवार-रविवार टाळा. बर्फाची खात्री तर आता कुणीच देत नाही, जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि २०२५ ला खेलो इंडियाच्या तिथल्या स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढं ढकलाव्या लागल्या. त्यामुळं हॉटेल असं बघा जे रद्द केलं तर पैसे देतं.

खुर्चीवर बसायच्या आधी स्कीच्या काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, सॅक पाठीवर नको, पुढं मांडीवर घ्या, नाहीतर उतरताना पट्टा खुर्चीत अडकतो. मफलर आत खोचा. लिफ्ट थांबली तर आडवा दांडा उचलायचा नाही आणि खाली उडी तर मारायचीच नाही, बर्फ मऊ दिसतो म्हणून लोक उड्या मारतात आणि पाय मोडून घेतात. लाइट गेली तरी घाबरू नका, बहुतेक लिफ्टला डिझेल इंजिन वेगळं असतं, हळूहळू का होईना सगळ्यांना उतरवून घेतात.

आणि त्या जॅकेटवाल्याला पैसे देऊ नका. याच्यावर आमच्या घरात दोन तट आहेत, मेव्हणी म्हणते सुट्टी चार दिवसांची, त्यात रांगेत काय थांबायचं. थांबायचं. ज्याला थांबायचं नाही त्यानं अर्धापूरलाच बसावं. जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेत सन व्हॅलीला लागली, ती काढणारा इंजिनिअर जेम्स करन, आणि त्याला कल्पना सुचली ती जहाजात केळीचे घड चढवायच्या कन्व्हेयरवरून, घडाच्या हुकाच्या जागी खुर्ची लावली. हे मी साडूंना मुद्दाम सांगितलं, म्हणलं बघा, तुमच्याच धंद्यातली मशीन आहे, तिला भंगार म्हणू नका. तर म्हणले, “म्हणूनच मला घडासारखं आपटलं.” म्हणजे आपटले हे त्यांनी त्या दिवशी पंगतीत सगळ्यांसमोर कबूल केलं, साक्षीदार आहेत.

हां, गुडघे दुखत असतील तर साइड स्टेपच्या भानगडीत पडू नका, मी चढलो म्हणून तुम्ही चढायलाच पाहिजे असं नाही, बारकी ओढणारी लिफ्ट असते तिच्यावर शिका. आणि औली ठरवत असाल तर जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचली तेव्हापासून बंद ठेवला होता, निघायच्या आधी हॉटेलवाल्याला फोन करून विचारा, नाहीतर रस्त्यानं गाडी करून वर जायचे पैसे बाजूला ठेवा.