शोपँच्या ई मायनर प्रेल्यूडमधली हुरहूर येते कुठून?

प्रश्न : संगीतकार शोपँचं ई मायनर प्रेल्यूड (ओपस 28, क्रमांक 4), म्हणजे पियानोची एक छोटी रचना, आमच्या घरी तिघांनी ऐकलं. एकाला त्यात शोक जाणवला, दुसऱ्याला शांतपणा, तिसऱ्याला नुसती अस्वस्थता. यातलं खरं कुठलं? (पुणे)

तिघांचंही खरं आहे, कारण तिघांचे कान बहुधा वेगवेगळ्या जागी लागले होते.

रचना जेमतेम 25 बारची (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन). उजवा हात सुरुवातीचे बार जवळजवळ हलतच नाही. बी हा सूर लांबवर धरायचा, शेवटी क्षणभर सी लावायचा आणि पुन्हा बीवर यायचं. ई हा षड्ज मानलात तर हे पंचम, कोमल धैवत, पंचम असं होतं. कोमल धैवतावरून पंचमावर येण्यातला उसासा आपल्या कानाला नवा नाही, म्हणून ही धून पहिल्याच ऐकण्यात आपलीशी वाटते.

खरी गंमत मात्र डाव्या हातात आहे. तिथे तीन सुरांच्या कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह, एका बारला आठ अशा सारख्या वाजत राहतात आणि त्यांतला कधी हा, कधी तो सूर अर्ध्या स्वराने खाली घसरतो. तानपुऱ्यावर गाताना षड्ज अढळ असतो, त्यामुळे पंचम हा पंचमच राहतो. इथे वरचा सूर जागेवर आहे आणि खालची जमीन सरकते आहे. तोच बी एका कॉर्डवर विसावलेला वाटतो, पुढच्या कॉर्डवर टोचतो. शिवाय पहिल्याच कॉर्डमध्ये सर्वांत खाली ई नसून जी आहे, म्हणजे आरंभापासून पाया पक्का नाही. ई तळाशी ठेवून बसलेली ई मायनर कॉर्ड थेट शेवटच्या बारमध्ये मिळते.

आता तुमचे तीन श्रोते पाहा. ज्याचं लक्ष उजव्या हाताकडे होतं त्याला संयम आणि शांतपणा ऐकू आला. डाव्या हाताकडे होतं त्याला खचत जाणं. आणि दोन्हींमधला ताण ज्याने ऐकला तो अस्वस्थ झाला. पुन्हा ऐकताना कान मुद्दाम फक्त खालच्या सुरांवर ठेवा. ज्यांना आधी शांत वाटलं होतं, त्यांचं मत बहुतेक वेळा इथेच बदलतं.

प्रश्न : हीच रचना मी घरी बसवते आहे. सूर बरोबर येतात, पण डावा हात ठोकल्यासारखा वाजतो आणि भाव उतरत नाही. (ठाणे)

डाव्या हाताचे आठ-आठ ठोके काही दिवस बाजूला ठेवा. कॉर्ड बदलेल तिथे एकदाच दाबा आणि पुढचा बदल येईपर्यंत धरून ठेवा. प्रत्येक बदलाला नेमकं कुठलं बोट हललं हे स्वतःशी मोठ्याने म्हणा. तो हललेला सूर कानाला कळू लागला की मगच ठोके परत आणा.

ठोके वाजवताना बोटं पट्टीवरून उचलू नका. पट्टी पुरती वर येण्याआधीच पुन्हा दाबायची. मनगट सैल हवं. बोट उंचावरून पडलं की प्रत्येक कॉर्डला आघात येतो, आणि तुमच्याकडे तेच होत असावं. उजव्या हाताचा आवाज हलका असला तरी डाव्याचा त्याहूनही हलका ठेवा.

पेडल (सूर लांबवणारी पायातली पट्टी) प्रत्येक कॉर्डबदलाला सोडून पुन्हा दाबा. अर्ध्या स्वराचे शेजारी सूर एकाच पेडलमध्ये अडकले की चिखल होतो आणि घसरण ऐकूच येत नाही.

लय ‘लार्गो’, म्हणजे खूप संथ, असली तरी ताल दोन मोठ्या मात्रांचा आहे, हे बरेच जण विसरतात. क्वार्टर नोट (म्हणजे अर्धी मोठी मात्रा) मिनिटाला 50च्या आसपास ठेवली तर रचना दोन मिनिटांत होते. त्याहून फार संथ वाजवलंत तर धून तुटते.

16व्या बारपाशी ‘स्ट्रेट्टो’ लिहिलं आहे. तिथे लय वाढवत पुढे ओढ घ्यायची. नुसता आवाज वाढवला तर आक्रोश कृत्रिम वाटतो. आधीचे पंधरा बार लय हेलकावत वाजवले असतील, तर या ओढीला काही अर्थच उरत नाही. तेव्हा तोवर संयम पाळा.

प्रश्न : ही रचना मृत्यूवर आहे, असं वाचलं. शोपँने तसं लिहून ठेवलंय का? (बेळगाव)

नाही. 24 प्रेल्यूड्सचा हा संग्रह त्याने मायोर्का बेटावर पुरा केला आणि तो 1839मध्ये छापला गेला. एकाही प्रेल्यूडला त्याने नाव दिलं नाही. ‘श्वास कोंडणं’ अशा अर्थाचं शीर्षक पुढे पियानोवादक हान्स फॉन ब्यूलोच्या नावावर प्रचलित झालं. मृत्यूशी नातं जुळलं ते शोपँच्या अंत्यसंस्कारामुळे : 30 ऑक्टोबर 1849 रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये ही रचना ऑर्गनवर वाजवली गेली. हे कळल्यावर ती तशीच ऐकू येऊ लागते, म्हणून कुणाला पहिल्यांदा ऐकवताना ही माहिती आधी सांगू नये, असं आम्हाला वाटतं.

ऐकवताना 23व्या बारकडे मात्र लक्ष वेधा. तिथे एक अधांतरी कॉर्ड येते आणि पाठोपाठ विराम, त्यावर थांबण्याची खूण. वाजवणाऱ्याने पेडल सोडून खोलीत खरी शांतता होऊ द्यायला हवी. ती घाईने उरकली, तर नंतरच्या तीन अगदी हलक्या आवाजातल्या कॉर्ड्स नुसता समारोप वाटतात.