बेसबॉलमधल्या सुरुवातीच्या संघटित चाहत्यांबद्दल कोणी सांगेल का?

बॉस्टनच्या ‘रॉयल रूटर्स’पासून सुरुवात करा. मायकल मॅकग्रीव्ही यांचा ‘थर्ड बेस’ हा बार त्यांचा अड्डा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे आजोबा, पुढे महापौर झालेले जॉन फिट्झजेराल्ड, हेही त्यांच्यातलेच. १९०३ च्या वर्ल्ड सिरीजला, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेला, ही मंडळी थेट पिट्सबर्गला पोहोचली आणि ‘टेसी’ गाण्याचे शब्द बदलून त्यांनी पिट्सबर्गचा स्टार खेळाडू होनस वॅग्नरला भंडावून सोडलं. मालिकेत १-३ असा मागे पडलेला बॉस्टन ५-३ ने जिंकला! श्रेय पिचर्सचंच (चेंडू टाकणाऱ्यांचं), पण हा गजरही मी कमी लेखणार नाही.

१९१२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टनच्या क्लबनं त्यांच्या नेहमीच्या जागा इतरांना विकल्या. हा सरळसरळ अन्याय होता. चिडलेले रूटर्स मैदानात उतरले, घोडेस्वार पोलिसांनी त्यांना हटवलं. दुसऱ्या दिवशी, निर्णायक सामन्याला, जवळपास निम्मं मैदान रिकामं होतं.