अथेन्सच्या मध्यवस्तीत दुपारचे पौष्टिक आणि परवडणारे शाकाहारी जेवण कुठे मिळेल?

तुमचा प्रश्न असा आहे की, कामानिमित्त आठवडाभर अथेन्सला राहायचे आहे, मुक्काम ओमोनिया चौकाजवळ आहे, तुम्ही शाकाहारी आहात आणि दुपारी भूमध्यसागरी पद्धतीचे पौष्टिक जेवण खिशाला परवडेल अशा दरात पायी जाण्याच्या अंतरावर हवे आहे. मी नोकरीमुळे या शहरात राहते आणि दुपारी बहुतेक वेळा बाहेरच जेवते, त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी प्लाका भागात, दारातच मेनूकार्ड घेऊन माणूस उभा असतो अशी जी रेस्टॉरंटे आहेत ती सोडून द्यावीत, आणि ओमोनियाहून मोनास्तिराकीकडे जाणाऱ्या अथिनास रस्त्याने मध्यवर्ती बाजार गाठावा. या बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत हमाल, दुकानदार आणि कचेऱ्यांतले कारकून जिथे जेवतात त्या साध्या खाणावळींना ग्रीक लोक ‘मायिरिओ’ म्हणतात, आणि तुम्हाला हवे आहे ते जेवण तिथे मिळते.

मायिरिओत स्वयंपाक सकाळीच उरकलेला असतो. काचेमागे मोठमोठ्या परातींत भाज्या, कडधान्ये आणि मांसाचे पदार्थ मांडलेले असतात. ग्रीक वाचता येत नसले तरी समोर जाऊन बोट दाखवावे, कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. भाज्या कोमट किंवा अगदी गारसर मिळतात. आपल्याला वाफाळत्या भाजीची सवय असल्यामुळे पहिल्या घासाला हे खटकते, परंतु तेलात आणि टोमॅटोत मुरलेल्या फरसबीची चव खरोखरच कोमट असतानाच उतरते, त्यामुळे गरम करून मागण्याचा आग्रह धरू नये.

शाकाहारी माणसाने लक्षात ठेवण्याजोगा प्रकार म्हणजे ‘लादेरा’, म्हणजे ऑलिव्ह तेलात सावकाश शिजवलेल्या भाज्या. त्यात टोमॅटोतली फरसबी असते, भेंडी असते, आणि बटाटा, वांगे व झुकिनी एकत्र भाजलेला ब्रिआमही असतो. पालक घालून केलेला मऊ भात, म्हणजे स्पानाकोरिझो, मला सगळ्यांत आवडतो. त्यात शेपू सढळ हाताने घातलेला असतो, तेव्हा शेपूचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनी त्या परातीकडे वळू नये. टोमॅटोत भाजलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याला ‘यीगांदेस’ म्हणतात आणि त्याच्या एका ताटलीत पोट भरते. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचे घट्ट वरण, वर कच्चा कांदा, तेल आणि लिंबू. सांतोरिनी बेटावरचा नावाजलेला फावा ज्या कडधान्यापासून होतो ते आपल्या विदर्भातल्या लाख या डाळीच्याच कुळातले आहे.

याशिवाय ‘होर्ता’ अवश्य मागावी. ही नुसती उकडलेली पालेभाजी असते, तिच्यावर ऑलिव्ह तेल आणि लिंबू पिळून घ्यायचे असते. हिवाळ्यात ती रानातल्या कडसर पाल्याची असते, आणि उन्हाळ्यात जी ‘व्लीता’ मिळते ती आपल्या माठाची सख्खी बहीणच आहे. उन्हाळ्यातल्या सॅलडमध्ये कधीकधी घोळूची मांसल पानेही सापडतात. परदेशात आठवडाभर राहून पालेभाजीला आचवलेल्या माणसाला या ताटलीचे मोल वेगळे सांगायला नको.

एकच ठिकाण सांगा असा आग्रह असेल तर ‘दिपोर्तो’ सांगेन. सोक्रातूस आणि थेआत्रू या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, भाजीबाजाराला लागून असलेल्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात ही खाणावळ आहे, आणि ती 1887 सालापासूनची असल्याचे सांगितले जाते. दारावर पाटी नाही. फुटपाथवरून थेट खाली उतरणाऱ्या पायऱ्या दिसल्या की तिथेच उतरायचे. आत भिंतीला लागून वाइनची लाकडी पिंपे रचलेली आहेत आणि मोजकीच टेबले आहेत, त्यामुळे अनोळखी लोकांशेजारी बसावे लागते. छापील मेनू नाही. चण्यांची ‘रेवीथ्या’ ही इथली खरी ओळख: काबुली चणे बोटांनी चिरडले जातील इतके मऊ, पातळ रश्शावर तेलाचा पिवळा थर, मसाला जवळजवळ नाहीच. लिंबू पिळून पावाबरोबर खाल्ले की दुपार निभावते, आणि सोबत फावा व सॅलड मागवले तर दोघांना पुरते. टेबलावर मासेही येतात, तेव्हा आपण काय खात नाही ते बसतानाच सांगावे. तिथे वाइन किलोवर मोजतात, अर्धा किलो, पाव किलो अशी. दुपारी काम असेल तर हा तपशील निव्वळ करमणुकीपुरता ठेवावा.

आता ‘पौष्टिक’ या तुमच्या अटीबद्दल. भूमध्यसागरी आहाराची कीर्ती ज्या अभ्यासामुळे पसरली, तो सात देशांचा अभ्यास 1958 साली सुरू झाला आणि त्यात क्रीट बेटावरचे शेतकरी होते. ते लोक जे रोज खात असत ते याच वळणाचे, म्हणजे कडधान्ये, पालेभाज्या, पाव आणि भरपूर ऑलिव्ह तेल. या आहाराने हृदयविकार टळतो का हे तपासणाऱ्या ज्या स्पॅनिश चाचणीचा हवाला अनेकदा दिला जातो तिचा 2013 सालचा शोधनिबंध सहभागींच्या वाटणीतल्या त्रुटींमुळे मागे घ्यावा लागला आणि 2018 साली नव्या विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध झाला, निष्कर्ष मात्र बराचसा तोच राहिला. हे सांगण्याचे कारण एवढेच की मोनास्तिराकीला मिळणारा गिरोस, म्हणजे तेलकट पिटात गुंडाळलेले मांस आणि तळलेले बटाटे, कितीही स्वस्त आणि ग्रीक असला तरी तो त्या अभ्यासातला आहार नव्हे. लादेरातले तेल मात्र कमी असते असे समजू नये. ताटली संपल्यावर तळाशी तेल उरते आणि ग्रीक माणूस ते पावाने निपटून खातो. वजन सांभाळायचे असेल तर ते तेल ताटलीतच राहू द्यावे. रक्तदाबाचा त्रास असेल तर फेटा चीज आणि ऑलिव्ह जपून खावेत, दोन्ही खारट असतात.

शाकाहाराबाबत तीन ठिकाणी फसगत होऊ शकते. मुसाका वांग्याचा दिसतो, पण त्यात खिमा असतो. भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची कुठे नुसत्या भाताची असते तर कुठे खिम्याची, म्हणून ‘होरिस क्रेआस’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. तिसरी गोष्ट उपवासाच्या पदार्थांची आहे, आणि ती आपल्याकडच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासात ‘निस्तीसिमा’ पदार्थ सगळीकडे मिळतात, त्यांत मांस, अंडी, दूध काहीच नसते आणि त्या काळात शाकाहाऱ्याची चंगळ होते. परंतु त्यांच्या नियमात ऑक्टोपस, स्क्विड आणि कोळंबी उपवासाला चालतात, म्हणून निस्तीसिमा म्हणजे शाकाहारी असे गृहीत धरू नये. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची मात्र इथे खरोखर पंचाईत होते.

बाजाराच्या मांस-मासळीच्या इमारतीत उघडी धडे टांगलेली असतात आणि तिथल्या खानावळी ‘पात्सास’ या जनावराच्या जठराच्या रश्शासाठी प्रसिद्ध आहेत. ते पाहणे नको असेल तर अथिनास रस्त्याच्या पलीकडच्या, भाजीबाजाराच्या बाजूने चालावे.

पैशांचे म्हणाल तर बाजारालगतच्या मायिरिओत भाजीच्या एका ताटलीला साधारण सहा ते नऊ युरो पडतात. पाव न मागताही येतो आणि बिलात त्याचे थोडे पैसे लागतात. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे आणि ते मागितल्यास फुकट मिळते, त्यामुळे बाटली घेण्याची गरज नाही. ग्रीक लोक दुपारी दोनच्या पुढे जेवतात, म्हणून तुम्ही साडेबारा-एकला पोहोचलात तर जागाही मिळते आणि पराती भरलेल्या असतात; चारनंतर गेल्यास उरलेसुरलेच पदरी पडेल. रविवारी बाजार आणि दिपोर्तो दोन्ही बंद असतात, आणि 15 ऑगस्टच्या, म्हणजे तिथल्या मेरी मातेच्या सणाच्या, मागेपुढे गेलात तर यांतली बरीच कुलपे लागलेली दिसतील. अशा दिवशी बाजाराजवळच्याच एओलू रस्त्यावर फलाफल, म्हणजे चण्याचे तळलेले वडे, घ्यावे.