जुन्या मिनिएचरवरचा रंग आणि फेविक्विक उतरवताना

जुन्या मिनिएचरचा, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या छोट्या मूर्तींचा (थोडक्यात मिनी), एक गठ्ठा तुम्ही घेतलाय: प्लॅस्टिकचे सैनिक, थोडे धातूचे, एक थ्रीडी प्रिंट केलेला ड्रॅगन. सगळ्यांवर रंगाचे जाड थर आहेत आणि हात-पाय फेविक्विकनं चिकटवलेत. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर चालेल का, असं विचारलंय. प्लॅस्टिकला अजिबात नको. या सैनिकांचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि दुकानातल्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमधल्या टोल्युइन-ॲसिटोनसारख्या द्रावकांत ते विरघळतं. रंग सुटायच्या आधी चेहरा जाईल. नेलपॉलिश रिमूव्हरचंही तेच. बाटलीवर ‘ॲसिटोन नाही’ असं लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा इथाइल ॲसिटेट असतं, आणि तेही पॉलिस्टायरीन खातं.

म्हणून आधी गठ्ठ्याचे पदार्थानुसार वेगवेगळे ढीग करा. धातू हातात घेतल्यावर जड आणि गार लागतो. बाकीच्यांच्या बेसखाली (मूर्ती उभी राहते त्या चकतीखाली), दिसणार नाही अशा जागी, कटरनं हलकंसं खरवडा. वळलेली सालपटं निघाली तर पॉलिस्टायरीन, कोरडी भुकटी निघाली तर रेझिन. वाकवल्यावर रबरासारखं वाकलं तर ते बोर्डगेमचं मऊ प्लॅस्टिक. ते रंग काढायच्या द्रावणात फार वेळ ठेवू नका.

अॅक्रिलिक रंगासाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, म्हणजे आयपीए. मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. सर्किट बोर्ड साफ करायला ते हेच वापरतात. सॅनिटायझरची जेल नको, त्यातल्या घट्ट करणाऱ्या पदार्थांचा चिकट थर बारीक खाचांत बसतो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत मिनी पूर्ण बुडतील एवढंच आयपीए घाला. २८ मिलिमीटरचे सात-आठ पायदळ सैनिक असतील तर पाव लिटरच्या आसपास पुरतं. दोन तासांनी एक काढून बघा. रंगाला सुरकुत्या पडल्या असतील तर घासायला घ्या, नसतील तर रात्रभर राहू द्या. पॉलिस्टायरीनला त्यानं काही होत नाही.

घासताना मिनी द्रावणात बुडालेलीच ठेवा. बाहेर काढली की अल्कोहोल दोन मिनिटांत उडतं आणि सुटलेला रंग परत चिकटतो. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. मऊ टूथब्रश आणि काखेत, पट्ट्यांच्या खाली दात कोरायची लाकडी काडी. पितळी तारेचा ब्रश प्लॅस्टिकवर कधीच नाही. शिंतोडे उडतात, तेव्हा चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे हवेतच. एका फेरीत सगळं निघेल अशी अपेक्षा धरू नका. दुसरी फेरी ताज्या द्रावणात करा, पण जास्त कडक रसायनाकडे वळू नका. गाडीला मारायचा स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) असेल तर तो आयपीएला दाद देत नाही. थर पातळ असेल तर तसाच ठेवून वरून रंगवा.

डेटॉलनंही रंग सुटतो, तेही पाणी न घालता वापरलं तर. पण त्यातून काढलेली मिनी थेट नळाखाली धरली की सुटलेल्या रंगाचा डांबरासारखा चिकटा होतो. आधी डेटॉलमध्येच घासून पुसा, मग साबण, मग पाणी.

ड्रॅगनला मात्र वेगळा नियम. प्रिंटरचं रेझिन अल्कोहोल शोषून फुगतं आणि नंतर तडकतं. दहा-पंधरा मिनिटं बुडवा, घासा, पूर्ण वाळू द्या, हवं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आता गोंद. फेविक्विक थंडीत ठिसूळ होतं, म्हणून मिनी पिशवीत घालून तीन-चार तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि काढल्या काढल्या सांधा पिळा. ओढू नका, पिळा. हा गोंद सरळ ताण बरा सोसतो, आडवा झटका सोसत नाही. धातूच्या मिनी शुद्ध ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवल्या तर गोंद मऊ पडतो आणि रंगही जातो, फक्त त्यावरचे प्लॅस्टिकचे बेस आधी काढून घ्या. प्लॅस्टिक सिमेंटनं जोडलेला सांधा मात्र सुटत नाही, कारण तिथे गोंद उरलेलाच नसतो, दोन्ही प्लॅस्टिक वितळून एक झालेलं असतं. तिथे बारीक पात्याची करवतच.

धातूच्या जुन्या मिनींत शिसं असू शकतं. कोरड्या घासू नका, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, हात साबणानं धुवा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशीपलीकडे जातो आणि ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं. झाकलेली बरणी गच्चीवर उन्हात ठेवली तर आत दाब वाढतो. काम सकाळी, खिडकी उघडून करा. गॅस आणि देवासमोरचा दिवा त्या खोलीत नको, वाफेला तेवढी ठिणगी पुरते.

धुवायला वाहता नळ नको, टबात धुवा. पाणीही वाचतं आणि सुटे हात मोरीत जात नाहीत. खाली जुना टॉवेल अंथरा. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि प्रायमर तिथे नीट धरत नाही, म्हणून शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वापरा. वापरलेलं आयपीए दोन दिवस स्थिर ठेवलं की गाळ खाली बसतो. वरचं निथळून पुढच्या फेरीला घ्या. गाळ मोरीत ओतू नका, वर्तमानपत्रावर उघड्यावर वाळवून कचऱ्यात टाका. प्रायमर मारण्याआधी मिनी पूर्ण एक दिवस वाळू द्या.