चकचकीत काचेखालचे तडे कसे ओळखावेत?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात घासून पॉलिश केलेले भिंग भिंगकाचेखाली निर्दोष दिसते, तरी आत तडे असतील का, असे आपण विचारले आहे. असू शकतात. खरखरीत पावडरीने घासताना काचेत सूक्ष्म भेगा उतरतात आणि पॉलिश करताना सीरियम ऑक्साइड (पॉलिशची पावडर) व पाणी यांच्या क्रियेने तयार होणारा पातळ थर त्यांची तोंडे बुजवतो. म्हणून केवळ चकाकीवर विश्वास ठेवू नये.

पहिली तपासणी अंधाऱ्या खोलीत करावी. तेलाच्या थेंबाने चिकटवलेल्या लोलकातून (प्रिझममधून) प्रखर प्रकाश असा सोडावा, की तो पॉलिश केलेल्या पृष्ठावर आतून, पृष्ठाच्या लंबापासून मोजता, सुमारे ४२ अंशांपेक्षा अधिक कोनात पडेल. साध्या काचेत तो संपूर्ण परावर्तित होतो, त्यामुळे निर्दोष भाग काळा राहतो आणि भेगा चमकतात. मात्र यातून भेगांची खोली नेमकी कळत नाही.

खोली हवी असल्यास, घासण्या-पॉलिशच्या त्याच टप्प्यांतून काढलेल्या जास्तीच्या तुकड्यावर पोलादी गोळी व बारीक हिऱ्याची पेस्ट वापरून उथळ खळगा करावा. त्याच्या उतारावर भेगा कुठे संपतात ते सूक्ष्मदर्शकाने पाहून, गोळीच्या त्रिज्येवरून खोली काढता येते. मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. हायड्रोफ्लोरिक आम्लाने भेगा उघड्या पडतात खऱ्या, पण ते त्वचेतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. कृपया गाळ्यात ते वापरू नका.