चाकणजवळची जमीन घेण्यापूर्वी

प्रश्न : भोसरीत आमचा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. विस्तारासाठी चाकणच्या पुढे दोन एकर शेतजमीन पाहिली आहे. दर परवडणारा आहे. काय तपासावे?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : दर परवडतो, त्यामागचे कारण आधी शोधा. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतरण होत नाही. म्हणून जुने फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, याही वकिलाकडून वाचून घ्यावेत. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून (पीएमआरडीए) झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी राखली आहे याचा दाखला, घ्या आणि वर्तुळाकार रस्त्याची आखणी या जमिनीच्या गटातून जाते का, हेही विचारा. तुम्ही शेतकरी नसाल, तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यातील कलम ६३ आडवे येते; ते बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर बंधन घालते. खऱ्या औद्योगिक वापरासाठी त्यात स्वतंत्र तरतूद आहे, पण तिच्या अटी आधी समजून घ्या.

कागदांइतकीच माती महत्त्वाची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पाया घातला, तर फरशी उचलली जाऊन यंत्रांची पातळी बिघडते. मुरूम किंवा कातळ किती खोलीवर लागतो, हे चाचणी खड्डे घेऊन पाहा, कारण स्वस्त जमिनीचा नफा बहुधा या खोदाईतच जिरतो. जमीन जुलैत, मुसळधार पावसानंतर पाहावी. ओढा कुठून वाहतो, हे मध्यस्थ सांगत नाही. कंटेनर वळेल इतका कायदेशीर रस्ता हवा, शेजाऱ्याच्या बांधावरची वहिवाट नव्हे. विजेच्या वाढीव भाराबद्दल महावितरणकडे लेखी चौकशी करा.